परक्या वर्गातील पहिले दिवस



ऑक्टोबरमधील एका रविवारी मिस्सानंतर पारनेर तालुक्यातील एक दांपत्य आम्हांस भेटावयास थांबले. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये शिक्षकी पेशाचे शिक्षण घेत असून तेथील एका शाळेत सराव पाठ घेते. तिसऱ्या आठवड्यात तिने रडत फोन केला, "मला परत यायचंय." कर्ज काढून पाठविलेली पोर, तिला बोलावून घ्यावे की धीर द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता. उभ्या उभ्या आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम ती तेथे काय करते हे समजून घेऊ. आपल्याकडे बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात सुमारे २० आठवडे शाळेतील छात्रसेवाकाल आला. इंग्लंडमधील एक वर्षाच्या अभ्यासक्रमात किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, तेही निदान दोन निरनिराळ्या शाळांत. म्हणजे एका शाळेत जरा रुळावे, तोच दुसरीत पुन्हा नव्याने सुरुवात करावी, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या मुलांना प्रारंभी ती निष्ठुर वाटते.

टाचण काढणे, फळ्यावर लिहिणे, वर्ग सांभाळणे हे तिला येते. अडते ते दुसरीकडेच. येथे शिक्षिका वर्गात आली की पोरे ताडकन उभी राहून एका सुरात नमस्कार म्हणतात; तेथे बहुधा तसे होत नाही. येथे बाईंचे म्हणणे मुले निमूट लिहून घेतात, तेथे दहा वर्षांचा मुलगा "का?" असे विचारतो, आणि तो उद्धटपणा नसतो. तिचे इंग्रजी चांगले आहे, परंतु मुलांचे बोलणे तिला पटकन उमगत नाही आणि तिचा उच्चार मुलांना. येथे हुशार म्हणून वाढलेल्या मुलीस एकाएकी आपण काहीच जाणत नाही असे वाटू लागते. थंडी व एकटेपणा यांपेक्षा हे दुःख खोल असते, असे आमचे मत आहे.

या अवस्थेस मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात 'सांस्कृतिक धक्का' म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. १९५५ साली लिसगार्ड या अभ्यासकाने नॉर्वेतून अमेरिकेस जाऊन आलेल्या फुलब्राइट अभ्यासकांच्या अनुभवांवरून असे मांडले, की प्रारंभी उत्साह, मग उतार आणि पुढे पुन्हा चढ असा माणसाचा क्रम असतो. पुढील संशोधनात हा आलेख सर्वांना लागू पडत नाही असे दिसून आले. पुष्कळांना पहिलेच आठवडे सर्वांत जड जातात. म्हणून तिसऱ्या आठवड्यातील रडण्यावरून वर्षाचा निकाल लावू नये.

आपल्या जिल्ह्याने हे पूर्वी उलट्या बाजूने पाहिले आहे. मिस सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईस आली आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. परकी भाषा, परका धर्म, त्यात मुलींना शिकविणे! १८६२ साली नगरलाच तिचे निधन झाले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच मिस फरार यांच्या नगरच्या संस्थेत व पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असे चरित्रकार सांगतात. शिकविणारीही परकी आणि शिकणारीही त्या जगात नवखी! (पारनेरकरांना सेनापती बापट आठवतीलच. पारनेरात जन्मलेला हा तरुण १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस गेला. पण ती कथा निराळ्या वळणाची.)

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले, तेव्हा येथील बोलीचा त्यांना गंधही नव्हता. चार वर्षांनी भावास लिहिलेल्या पत्रात ते येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचे नोंदवितात. तोवर त्यांचा कान तयार होत आला होता. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले १६१६ साली, म्हणजे येथे आल्यावर ३७ वर्षांनी. या दोन सालांमध्ये किती चुकीचे उच्चार झाले असतील आणि किती जण हसले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमचीही एक गोष्ट सांगतो. सेमिनरीच्या काळात आम्हांला शेजारच्या राज्यात एक वर्ष शिकवावयास धाडले होते. पहिल्याच पाठात एक शब्द असा काही चुकला, की सबंध वर्ग हसत सुटला आणि आम्ही पाठ अर्ध्यावर टाकून बाहेर आलो. पुढे चौथीतील एका मुलास आम्ही रोज एक शब्द विचारू लागलो. तो मोठ्या ऐटीत शिकवी आणि आमची चूक झाली की कपाळावर हात मारी. महिन्याभरात वर्ग आमचा झाला. आमची भाषा सुधारली म्हणून नव्हे, तर आम्हांलाही शिकावे लागते हे मुलांनी पाहिले म्हणून.

मात्र एक भेद पालकांनी ध्यानात ठेवावा. नवखेपणाचा संकोच सोसावा. अपमान सोसू नये. रंगावरून वा देशावरून कोणी टोचून बोलत असेल, झोप व जेवण उडाले असेल, तर मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यापीठ यांना लगेच सांगावे. ती तक्रार नव्हे, तो हक्क आहे.

त्या दांपत्यास आम्ही एवढेच सुचविले, की रोज रात्री "कशी आहेस?" असे न विचारता "आज मुलांनी काय विचारले?" असे विचारा. गेल्या आठवड्यात वडील पुन्हा भेटले. तिच्या वर्गाला दुष्काळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. तिने फळ्यावर आपल्या गावची कोरडी विहीर काढली आणि तासभर प्रश्न संपेनात. परत येण्याचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही. पूर्वी मात्र रोज काढीत असे. जानेवारीत तिची दुसरी शाळा सुरू होईल. आईने शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे. पार्सल कोठून करावे, एवढेच विचारावयास ते आले होते.