वादळाला विद्यापीठाची वेस नसते

5 फेब्रुवारी 2008 ची सायंकाळ. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील जॅक्सन शहरात युनियन विद्यापीठाच्या वसतिगृहांवर सातच्या सुमारास एक प्रचंड घूर्णवात, म्हणजेच ज्याला तिकडे टॉर्नेडो म्हणतात तो, कोसळला. सुधारित फुजिता श्रेणीत त्याची गणना चौथ्या प्रतीत झाली. शून्यापासून सुरू होणाऱ्या या श्रेणीत पाचाच्या पुढे प्रत नाही. वसतिगृहांचे वरचे मजले उडाले, मोटारी एकमेकींवर रचल्या गेल्या. त्या वेळी आवारात सुमारे 1200 विद्यार्थी होते. पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावे लागले, काहींना कित्येक तास ढिगाऱ्याखाली काढावे लागले. परंतु एकही विद्यार्थी दगावला नाही.

याला अनेकांनी चमत्कार म्हटले. दैवाचा भाग त्यात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या चमत्काराच्या मागे एक साधी गोष्ट होती. इशारा मिळताच वसतिगृहांची देखरेख करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वरच्या मजल्यांवरून खाली आणून, खिडक्यांपासून दूर, तळमजल्यावरील स्नानगृहांत बसवले होते. कोणी कोणाला हलवायचे आणि कोठे न्यायचे, याचा विचार वादळ दारात आल्यावर करावा लागला नाही. या विद्यापीठाला 2002 सालीही वादळाचा तडाखा बसला होता आणि त्याचा धडा ते विसरले नव्हते.

आपल्याकडे वादळ म्हटले की कोकण किनाऱ्यावरचे चक्रीवादळ डोळ्यांपुढे येते. 2020 सालच्या ‘निसर्ग’ वादळाची वाट किनाऱ्यावरच्या लोकांना आदल्या दिवशीच ठाऊक होती. घूर्णवाताची जात निराळी. त्याचा पट्टा बहुधा काही शे मीटरांचा, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे, आणि तो नेमका कोणत्या गल्लीतून जाईल हे आधी सांगता येत नाही. 1948 साली ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी त्याचे पहिले यशस्वी भाकीत केले. तेव्हापासून रडार आले, संगणक आले. तरीही प्रत्यक्ष इशारा आणि आघात यांच्यामध्ये सरासरी सुमारे दहा मिनिटांचाच अवधी मिळतो. दहा मिनिटांत मनुष्य नवे काही शिकू शकत नाही. शिकलेले तेवढे करू शकतो.

युनियन विद्यापीठाच्या या कथेला तीन वर्षांनी दुसरी, अधिक दुःखद बाजू मिळाली. 27 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागात घूर्णवातांचे थैमान झाले आणि त्या एका दिवसात तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांपैकी एक घूर्णवात टस्कलूसा शहरातून गेला. तेथील अलाबामा विद्यापीठाचे मुख्य आवार त्याच्या वाटेपासून थोडक्यात बचावले. तरीही विद्यापीठाचे सहा विद्यार्थी प्राणास मुकले. ते आवाराबाहेर शहरात राहत होते. विद्यापीठाने वार्षिक परीक्षा रद्द केल्या आणि पदवीदान समारंभ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलला.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे प्रश्न उभा राहतो तो हा, की महाविद्यालयाची जबाबदारी कोठवर? जेथे वादळ नेमके आवारावर आले तेथे सारे वाचले. जेथे ते आवार सोडून गेले तेथे विद्यार्थी मेले. आवाराच्या आत त्यांना सांगणारे कोणी होते. बाहेर ते केवळ भाडेकरू होते.

कायद्याची दृष्टीही याच कुंपणाशी थांबते. 2008 साली अमेरिकेतील क्लेरी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक महाविद्यालयावर तातडीचा इशारा देण्याचे बंधन आले. परंतु ते आवारात उद्भवणाऱ्या धोक्यापुरते. इमारतींच्या नियमांचेही तेच. 1970 साली टेक्सासमधील लबक शहरावर घूर्णवात कोसळला, तेव्हा तेथील टेक्सास टेक विद्यापीठाच्या अभियंत्यांनी पडलेल्या भिंतींचा अभ्यास करून जमिनीवर बांधता येईल अशी सुरक्षित खोली सिद्ध केली. सुमारे सात किलो वजनाचा लाकडी वासा ताशी 160 किलोमीटर वेगाने आदळला तरी तिची भिंत भेदली जाऊ नये, अशी तिची कसोटी आहे. 1 मार्च 2007 रोजी अलाबामातील एंटरप्राइज येथील माध्यमिक शाळेत आसऱ्यासाठी गोळा केलेल्या मुलांवर भिंत आणि छप्पर कोसळून आठ मुले गेली, आणि आतला बोळ म्हणजे सुरक्षित जागा असे सरसकट मानता येत नाही, हे कठोरपणे सिद्ध झाले. पुढे 2015 च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेने सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातील नव्या शाळांना वादळी आसरा आवश्यक ठरवला. पण ही शाळा बारावीपर्यंतची. महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे त्या अटीत आली नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाला जे संरक्षण हवे, ते अठराव्या वर्षी अनावश्यक ठरते काय?

यावर उत्तर दिले जाते की विद्यार्थी सज्ञान आहेत. खाजगी घरात राहणाऱ्याची चिंता विद्यापीठाने कोठवर वाहायची? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. शहरभर विखुरलेल्या हजारो खोल्या कोणतीही संस्था भक्कम करू शकणार नाही. पण येथे मागणी भिंती बांधण्याची नाही. इशाऱ्याचा संदेश आज भ्रमणध्वनीवरून आवाराबाहेरही पोहोचतो; आसरा मात्र पोहोचत नाही. म्हणून धोक्याचा संभव दिसताच, हाताशी काही तास असतानाच, आवारातील भक्कम इमारती बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उघडणे एवढे तरी शक्य आहे, आणि काही विद्यापीठांनी तसा प्रघात पाडलाही आहे. जेथे तो नाही तेथे तो पडला पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्रातील घरांना परका नाही. टेक्सास, ओक्लाहोमा, अलाबामा येथील विद्यापीठांत मराठी मुले शिकतात, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली बहुतेक मुले खर्च वाचावा म्हणून चौघे-पाच जण मिळून आवाराबाहेरच खोली घेतात. विमानतळावर निरोप देताना आईवडील थंडीचे कपडे, औषधे, लोणच्याची बरणी यांची चौकशी करतात. घर कितव्या मजल्यावर आहे आणि त्यात बिनखिडकीची जागा आहे काय, हे कोणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे.

सांगण्याजोगे नियम थोडे आहेत. ‘वॉच’ म्हणजे घूर्णवात संभवतो, तेव्हा सावध राहून आसऱ्याजवळ जायचे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, तेव्हा क्षणही न दवडता आत शिरायचे. सर्वांत खालचा मजला, सर्वांत आतली आणि लहान जागा, खिडकी एकही नको. गुडघ्यांवर वाकून डोके हातांनी झाकावे, हेल्मेट असल्यास घालावे, पायांत बूट असावेत. व्यायामशाळा, सभागृह अशी मोठ्या छपराची ठिकाणे सोडावीत. लिफ्ट वापरू नये. मोटारीतून पळू नये: 24 सप्टेंबर 2001 रोजी मेरीलँड विद्यापीठात शिकणाऱ्या दोघी बहिणी मोटारीतच मृत्युमुखी पडल्या. पुलाखाली आडोसा घेणे हाही घातक भ्रम आहे. तेथे वारा अधिकच वेगाने घुसतो. खिडक्या उघडल्याने घर वाचते, ही जुनी समजूतही चुकीची ठरली आहे. आणि भोंगा ऐकू येईल या भरवशावर झोपू नये, कारण तो घराबाहेर असलेल्यांसाठी असतो.

हे सारे एका पानावर मावते. ते पान सत्राच्या पहिल्या आठवड्यात, वसतिगृहात राहणाऱ्या आणि न राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडले, आणि वर्षातून दोनदा त्याची प्रत्यक्ष तालीम झाली, तर त्याचा खर्च कोणत्याही संस्थेला झेपण्याजोगा आहे. जॅक्सनमध्ये जे वाचले ते वाऱ्याच्या दयेवर वाचले नाहीत. कोणीतरी त्यांना वेळेवर ‘खाली चला’ म्हटले आणि त्यांनी ते ऐकले. टस्कलूसातील सहाजणांचे प्राण त्या शब्दांनी खचित वाचले असते असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु आवाराच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते शब्द ऐकू यावेत आणि खाली जायला जागा असावी, एवढी अपेक्षा त्याला आपला म्हणणाऱ्या विद्यापीठाकडून केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.