स्लो कुकरमध्ये मटणाची चाप मऊ कशी होते? आणि मध्येच वीज गेली तर काय करायचं?

गौरी-गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक घरांमध्ये गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. वडे आणि मटणाचा रस्सा हा त्या दिवसाचा ठरलेला बेत. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, घर माणसांनी भरलेलं असतं आणि स्वयंपाकघरातल्या बाईला गॅससमोरून हलायला सवड नसते.

अशा वेळी स्लो कुकर सोयीचा वाटतो. सकाळी मटण आत घालायचं, झाकण लावायचं आणि दुपारी मऊ झालेली चाप वाढायची. पण हे भांडं नेमकं काम कसं करतं, हे माहीत नसेल तर मटण बेचव होऊ शकतं. वीज मध्येच गेली तर ते खाण्यालायकही उरत नाही.

चाप चिवट का राहते?

बरगड्यांभोवतीच्या मांसात कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. हाडाला मांस धरून ठेवणारा पांढरट, चिवट पडदा मुख्यतः त्याचाच असतो. तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मांसाचे धागे आकसतात आणि पाणी सोडतात. म्हणून अर्धवट शिजलेलं मटण रबरासारखं लागतं.

70-80 अंशांच्या पुढे बराच वेळ राहिलं, तर हेच कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मांस हाडापासून सुटतं आणि रस्सा दाट, किंचित चिकट होतो. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला रस्सा थिजतो, त्यात गोठलेल्या चरबीइतकाच या जिलेटिनचाही हात असतो.

प्रेशर कुकर हेच काम सुमारे 120 अंशांवर अर्ध्या तासात करतो. स्लो कुकर ते उकळत्या पाण्याच्या जरा खाली, सहा-सात तासांत करतो. प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त झाल्या की मांसाचे तुकडे पडतात. स्लो कुकरमध्ये अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतले संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये अशा विजेच्या भांड्याचं पेटंट मिळालं. ज्यू धर्मीयांच्या शब्बाथला विस्तव पेटवत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळीच मांस आणि कडधान्यांचं भांडं भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ठेवायची पद्धत होती. नॅक्सन यांच्या आईने लिथुआनियातली ही आठवण त्यांना सांगितली होती. पुढे 1971 मध्ये हेच भांडं 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलं.

कोकणातल्या घरांना हे तत्त्व नवं नाही. चुलीच्या वैलावर किंवा विझत आलेल्या निखाऱ्यांवर भांडं सरकवून ठेवायचं, ते याचसाठी.

घरी करायचं कसं?

मटणवाल्याकडून 1 किलो सीना आणि चाप मिसळून घ्यावी. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी.

कच्ची पपई लावू नये. तिच्यातलं पपेन हे एन्झाइम कोमट ते गरम तापमानात जोरात काम करतं. स्लो कुकर हळूहळू तापत असल्याने त्याला नको इतका वेळ मिळतो आणि मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

सकाळी तेलावर कांदा आणि घरचा मसाला परतून त्यात चाप गॅसवर आठ-दहा मिनिटं लालसर करून घ्यावी. ही पायरी टाळू नये. भाजल्याचा खमंगपणा पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला येतो आणि स्लो कुकर तिथपर्यंत कधीच पोहोचत नाही.

मग सगळं कुकरमध्ये काढून फक्त एक वाटी गरम पाणी घालावं. झाकणाखालची वाफ परत आतच पडते, त्यामुळे रस्सा आटत नाही. भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि दोन-तृतीयांशापेक्षा कमी भरलेलं असावं.

पहिला तास 'हाय'वर आणि नंतर पाच-सहा तास 'लो'वर ठेवावं. दर वेळी झाकण उघडलं की साधारण वीस मिनिटं वाया जातात. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप शेवटच्या अर्ध्या तासात घालावं. चमच्याने दाबल्यावर हाड सहज सुटलं की चाप झाली.

200 वॅटचा कुकर सात तास चालला तर जास्तीत जास्त 1.4 युनिट वीज लागते.

धोका कुठे आहे?

साधारण 5 ते 60 अंशांदरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो. म्हणून फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट त्यात घालू नये, आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावं. मटण गॅसवर परतून घेण्याचा आणि पहिला तास 'हाय'वर ठेवण्याचा फायदा इथेही होतो.

कोकणात पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. त्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला उपयोगी आहे.

घरी असताना वीज गेली, तर वाट न पाहता मटण लगेच गॅसवर शिजवून पूर्ण करावं. वीज जाण्याआधीच ते पूर्ण शिजलेलं असेल, तर बंद कुकरमध्ये दोन तासांपर्यंत सुरक्षित राहतं.

घरी कोणी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर मटण शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यावं. किलोभर मटण फेकणं जिवावर येतं, पण काही जिवाणूंची विषद्रव्यं पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत.

उरलेला रस्सा गरम करायलाही स्लो कुकर वापरू नये. तो गॅसवर खळखळून उकळावा.

थोडक्यात, कुकर लावून दिवसभर बाहेर जायचं असेल तर आभाळ पाहून ठरवावं. सणाच्या दिवशी मात्र घरात माणसं असतात आणि शेजारी गॅसही असतो. स्लो कुकर लावायला तोच दिवस बरा.