दुरुस्ती हवी, खाडाखोड नको

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही मोबाइल ॲप करत होतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट निम्म्यावर आला आणि वसुली विभागाची मागणी आली: एजंटाला चुकलेली रक्कम दुरुस्त करता आली पाहिजे. लेखापरीक्षकांनी बजावलं: एकदा पडलेली नोंद कोणीही बदलता कामा नये. दोघांचंही काम तातडीचं!

अशा वेळी ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी होतं. म्हणूनच स्क्रममध्ये प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नसते. बॅकलॉगचा क्रम तिने ठरवायचा. आमच्या प्रॉडक्ट ओनर बाईंनी चालू स्प्रिंटच्या उद्दिष्टाला हात लावू दिला नाही. दोघांना समोरासमोर बसवून त्यांनी एवढंच विचारलं, “शेवटचं असं कधी झालं होतं, ते सांगा.”

वसुली अधिकारी म्हणाले, बाजाराच्या गर्दीत एजंटाने 500 च्या जागी 5000 टाकले. संध्याकाळी भरण्यात 4500 रुपये कमी पडले आणि ते त्याच्याच अंगावर आले. लेखापरीक्षकांनी उलटी हकिगत सांगितली: खातेदाराच्या पावतीवर एक आकडा, पुस्तकात मागाहून कमी केलेला दुसरा.

म्हणजे एकाला नाहक भुर्दंड नको होता, दुसऱ्याला पुरावा पुसला जायला नको होता. भांडत होते ते दोघांनी सुचवलेले उपाय, गरजा नव्हेत. फळ्यावर हिशेब मांडला: 5000 ची मूळ नोंद कायम, तिच्याखाली कारणासह 5000 ची उलट नोंद, मग 500 ची नवी. शाखाधिकाऱ्याची मंजुरी आणि खातेदाराला एसएमएस. टेस्टरने हेच आकडे टेस्ट केसमध्ये उतरवले.

2001 च्या अजाइल जाहीरनाम्याची तत्त्वं उशिरा आलेल्या बदलांचंही स्वागत करायला सांगतात. मागणी आली की लगेच कोड लिहायला बसायचं, असा त्याचा अर्थ अनेक टीम घेतात आणि रात्री जागवतात. खरं स्वागत म्हणजे मागणीच्या मुळाशी जाणं आणि तिच्यासाठी काय मागे पडणार, हे उघड सांगणं. उलट नोंद पुढच्या स्प्रिंटमध्ये आली, त्यासाठी शाखांचा डॅशबोर्ड लांबला. डॅशबोर्डची वाट पाहणाऱ्यांना बाईंनी त्याच दिवशी फोन करून कारण सांगितलं. नकाराचं कारण कळलं की माणूस अडून बसत नाही. पुढची मागणी तो उदाहरणासकट घेऊन येतो.