न दुखणारी जखम

टाचेत काटा रुतला की माणूस लगेच लंगडतो आणि त्या पायाला आपोआप विश्रांती मिळते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला मात्र काटा कळतच नाही. माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालतो आणि ती हाडापर्यंत पोचू शकते.

बधिरपणामुळे जखम अशी वाढते, ही उकल झाली कुष्ठरुग्णांच्या हातापायांवरून. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असाच तेव्हा समज होता. संवेदना गेल्याने वारंवार होणाऱ्या इजाच बोटं खातात, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. मग त्यांचं लक्ष औषधाइतकंच चपलेकडे वळलं.

आज पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचे तज्ज्ञ, साध्या नायलॉनच्या धाग्याने तपासणी सुरू करतात. रुग्णाने डोळे मिटायचे. धागा तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तेवढ्याने १० ग्रॅमचा दाब पडतो. तो स्पर्श कळला नाही, तर पाऊल धोक्यात आहे.

तळव्याला जखम असेल तर अनेकदा गुडघ्याखाली, पावलाला घट्ट बसेल असं प्लास्टर घालतात. भार एका जागी न साचता तळवा आणि पोटरीवर वाटला जातो. महिनोन्‌महिने चिघळलेली जखमही काही आठवड्यांत भरून येऊ शकते. घट्टे तासणं, बुटात मापाचा मऊ तळ बसवणं हेही पोडियाट्रिस्टचंच काम.

घरात मधुमेही असेल तर आज रात्रीच त्यांचे तळवे उजेडात पाहा. आणि चपला घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, याची खात्री करा.