आमगावच्या अंगणात पिओनी फुलेल काय?

विवाहपत्रिकांवर आणि मंडपांच्या सजावटीत अलीकडे दिसणारे गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे फूल म्हणजे पिओनी. तिची मुळे आता घरबसल्या मागवता येतात आणि चित्र पाहून मोह होतोच. परंतु पैसे मोजण्यापूर्वी या वनस्पतीचा स्वभाव जाणून घेणे हिताचे.

पिओनी थंडीचा हिशेब ठेवते. हिवाळ्यात तिची पाने झडतात आणि जमिनीखालचे डोळे निद्रिस्त होतात. ५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे लाभल्याशिवाय ही निद्रा नीट मोडत नाही. आमगावचा हिवाळा आपल्याला बोचरा वाटतो. थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा ८ अंशांपर्यंत उतरतोही. मात्र दुपारी तोच २५ अंशांपुढे जातो आणि रात्रीची कमाई दिवसा खर्ची पडते. पहिल्या वर्षी मुळांतील साठ्यावर पाने फुटतात, घरची मंडळी हरखतात. पुढे मुद्दलच संपते. त्यातून वाचलेच तर मे महिन्याची ४५ अंशांची होरपळ आहे, आणि ज्या पावसावर आपले भात पिकते त्याच्या साचलेल्या पाण्यात तिची मुळे कुजतात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत बागप्रेमी लवकर फुलणारे वाण निवडतात, डोळे जेमतेम इंचभर मातीखाली ठेवतात आणि दुपारची सावली देतात. हे उपाय थंडी थोडी उणी पडते तेथे चालतात. कुंडी काही आठवडे शीतकपाटात ठेवण्याची युक्तीही आहे. तिने एखादा बहर मिळेलही, पण झाड आपला उन्हाळा काढील अशी आशा धरू नये.

भारतातील रानटी पिओनी पश्चिम हिमालयात पांढरी फुलते. काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यांना तिचे मूळ ‘ऊदसलीब’ या युनानी नावाने परिचित असेल.

आमच्या मते आमगावकरांनी त्याच हौसेने मोठ्या फुलांची शेवंती लावावी. शेवंती थंडी नव्हे, रात्र मोजते. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. जून-जुलैत शेंड्यांची छाटे लावावीत, ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडून झाड डेरेदार करावे आणि पाणी साचू देऊ नये. मोठे फूल हवे असल्यास प्रत्येक फांदीवर एकच कळी राखावी. कुंडी मात्र ओसरीवरच्या दिव्याखाली ठेवू नये. रात्रभर उजेड राहिला तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही आणि बहर लांबतो.