पंचाहत्तर रुपयांचे रिव्हॉल्व्हर

डिसेंबर १९१६. काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक लखनौ स्थानकावर उतरले. मवाळांच्या स्वागत समितीला मिरवणूक नको होती. टिळकांना मोटारीतून परस्पर न्यायचा बेत होता. तेव्हा एक विद्यार्थी मोटारीपुढे आडवा झाला आणि त्याच्या जोडीला शाहजहाँपूरचा एकोणीस वर्षांचा रामप्रसाद. अखेर टिळकांना घोडागाडीत बसवले, घोडे सोडले आणि तरुणांनी ती गाडी स्वतः ओढली. हा रामप्रसाद म्हणजे पुढचे ‘बिस्मिल’.

याच लखनौत त्यांना क्रांतिकारकांच्या गुप्त समितीचा सुगावा लागला. आईकडून पैसे घेऊन त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर पुस्तक छापले. पुढे सरकारने ते जप्त केले. मग शस्त्रांचा शोध सुरू झाला. १८७८च्या शस्त्र कायद्यामुळे ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार मिळत नसे, संस्थानांत तशी आडकाठी नव्हती. म्हणून बिस्मिल ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि ७५ रुपयांना टोपीचे, पाच बारांचे रिव्हॉल्व्हर घेऊन आले. घरी बार काढून पाहिला, तर देशी बनावटीच्या बंदुकीच्या दारूमुळे गोळी पंधरा-वीस यार्डांवरच पडे. अनुभव नसल्याने आपण फसलो, याची खंत त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. काय आणलेस, या आईच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली आणि उरलेली एक गिनी तिला परत केली.

पुढे ९ ऑगस्ट १९२५ला मात्र बिस्मिल आणि त्यांच्या साथीदारांच्या हातात जर्मन माउझर होते. लाकडी म्यान दस्त्यासारखे जोडले की हे पिस्तूल छोट्या रायफलीचे काम देई. सहारनपूरहून लखनौला निघालेली आठ डाउन पॅसेंजर काकोरीच्या पुढे साखळी ओढून थांबवण्यात आली आणि सरकारी खजिन्याची पेटी फोडली गेली. प्रवाशांना इजा करायची नव्हती. पण साथीदार मन्मथनाथ गुप्तांच्या माउझरमधून अनवधानाने सुटलेल्या गोळीने अहमद अली या प्रवाशाचा जीव गेला. काकोरीचा गौरव करताना हे नावही घेतले पाहिजे.

या लुटीवरून चाललेल्या खटल्यात एक मराठी मुलखातला माणूसही होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री पुण्यात पकडले गेले, दहा वर्षांची सक्तमजुरी त्यांनी सोसली आणि पुढे लखनौतच राहिले. बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशीची शिक्षा झाली.

गोरखपूरच्या तुरुंगात बिस्मिल आत्मचरित्र लिहीत होते. दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरकडे वळून पाहणारा हा माणूस शेवटी तरुणांना सांगतो, की रिव्हॉल्व्हर-पिस्तूल जवळ बाळगण्याची इच्छा सोडा आणि खरे देशसेवक व्हा. हिंदू-मुसलमान ऐक्य हीच आपली अखेरची इच्छा, असेही तो लिहितो. हे भित्र्याचे शब्द नव्हेत. ज्याने हत्यार मिळवायला जिवाचे रान केले, ते चालवले आणि त्याची पूर्ण किंमत मोजली, त्याचा हा निष्कर्ष आहे. १९ डिसेंबर १९२७ला त्यांना फाशी झाली.

काकोरीच्या शताब्दीत माउझरची चित्रे पुष्कळ छापली गेली. वाचकहो, त्या चित्रांबरोबर बिस्मिलांच्या आत्मचरित्राची शेवटची पाने घरातल्या तरुणांना जरूर वाचायला द्या.