गुऱ्हाळाची काहील व चुलवण यांची सफाई

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांतील गुऱ्हाळे पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत ती रात्रंदिवस चालतात. हंगाम संपल्यावर चरक धुतला जातो, चिपाडाची गंज झाकून ठेवली जाते. परंतु काहील मात्र करपलेल्या थरासह तशीच पालथी घालण्यात येते. पुढील वर्षी त्याच काहिलीत रस ओतला जातो आणि गूळ काळपट का उतरला याचा दोष उसाच्या जातीला वा खताला दिला जातो. उसाची जात व खत यांचा परिणाम गुळावर होतो, यात शंका नाही. तथापि, ज्या काहिलीत रस आटतो ती स्वच्छ आहे किंवा नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

थर कसे जमतात?

काहिलीवर तीन प्रकारचे थर बसतात व प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिला थर बाहेरील काजळीचा. ओले चिपाड जाळल्यास धूर अधिक होतो व काजळी तळाला धरते. काजळीतून उष्णता सहज जात नाही. त्यामुळे तेवढाच रस आटविण्यास जळण अधिक लागते.

दुसरा थर आतील पांढुरक्या, दगडासारख्या खपलीचा. रसातील क्षार व निवळीतील चुना यांपासून तो तयार होतो. हा थरही उष्णता अडवितो.

तिसरा थर करपलेल्या साखरेचा. गुळाचा पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो. रस पत्र्याला लागून उकळत असतो तोवर पत्रा फारसा तापत नाही. परंतु रसाच्या पातळीवरील काठावर उडालेले शिंतोडे सुकतात, जास्त तापतात व कोळसा होतात. तळाच्या खपलीतही पाक अडकून जळतो. पुढील आधणात त्याचे काळे कण सुटून गुळात मिसळतात.

याखेरीज आणखी एक हानी होते. काहिलीत रात्रभर राहिलेला रस आंबतो. अशा आंबट रसामुळे साखरेचे विघटन होते. मग गूळ नीट घट्ट होत नाही व पावसाळ्यात लवकर पाझरतो. लोखंडी काहिलीवरील गंजही रसाला काळपटपणा आणतो. रंग बिघडला म्हणजे काही जण हायड्रोससारख्या रसायनांकडे वळतात. मळक्या काहिलीचा दोष रसायनाने झाकणे हा उपाय नव्हे. खाणाऱ्याच्या आरोग्याशी तो खेळ आहे.

रोजची सफाई

दिवसातील शेवटचा पाक वाफ्यात ओतल्याबरोबर, काहील गरम असतानाच तीत स्वच्छ पाणी घालावे. चुलवणातील उरलेल्या धगीवर ते कढू द्यावे. चिकटलेला पाक पाण्यात आपोआप सुटतो. नंतर नारळाच्या काथ्याने काठापासून तळापर्यंत घासून काहील धुवावी व कोरडी करावी. रोज एवढे केले, तर हंगामाअखेर खरडण्यासारखे फार थोडे उरते.

हंगामाअखेरची सफाई

१. काहिलीत चार बोटे साधे पाणी घालून मंद जाळावर अर्धा तास कढवावे. जाळ काठापर्यंत जाऊ देऊ नये. सुटेल तेवढा थर लाकडी उलथण्याने काढावा. छिन्नी वा लोखंडी खरडणी वापरू नये. पत्र्यावर ओरखडे पडतात व पुढील थर त्यांतच घट्ट बसतो.

२. उरलेल्या करपलेल्या थरासाठी धुण्याचा सोडा वापरावा. दर १० लिटर पाण्यास २०० ग्रॅम हे प्रमाण पुरे. सोडा प्रथम बादलीत थंड पाण्यात विरघळवावा. उकळत्या पाण्यात भुकटी टाकू नये, पाणी उसळते. मंद जाळावर अर्धा तास ठेवून जाळ काढावा व पाणी रात्रभर राहू द्यावे. काठावरील थरावर याच पाण्यात भिजविलेले गोणपाट पसरावे. सकाळी थर मऊ झालेला आढळेल.

३. सोड्याने चुन्याची खपली जात नाही. सोडा पूर्ण धुऊन काढल्यावर स्टेनलेस स्टीलच्या काहिलीस कोमट पाण्यात विरघळविलेले लिंबूसत्त्व, दर १० लिटरला २०० ग्रॅम, अर्धा तास लावावे. सोडा व आंबट पदार्थ एकत्र करू नयेत. दोन्ही एकमेकांचा गुण मारतात.

४. लोखंडी काहील चिंचेच्या कोळाने व राखेने घासून लगेच धुवावी, कोरडी करावी व खाद्यतेलाचा पातळ हात द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यास सोडा वा आंबट काहीही लावू नये. त्यास गरम पाणी व काथ्या एवढेच पुरे.

५. शेवटी तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. सोडा राहिला किंवा नाही, याची परीक्षा घरच्या हळदीने करता येते. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यास ओली हळद लावून ती शेवटच्या धुवणात बुडवावी. हळद लाल झाली, तर सोडा शिल्लक आहे, पुन्हा धुवावे. पिवळीच राहिली, तर काम झाले.

संडास साफ करण्याचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा काहिलीस कधीही वापरू नये. आम्लाने स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि कॉस्टिक सोडा कातडी व डोळे भाजून काढतो. धुण्याचा सोडा वापरतानाही हातमोजे घालावेत. डोळ्यांत शिंतोडा गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत व वैद्यकीय मदत घ्यावी.

चुलवण

जाळ विझल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. राखेखाली निखारे दडलेले असतात व त्यांचा विषारी वायू खड्ड्यात साठतो. यास्तव चुलवणात एकट्याने उतरू नये. तोंडास फडके बांधून राख काढावी, हवेचे मार्ग व धुराडे मोकळे करावे, भिंतींच्या भेगा मातीने लिंपाव्यात. काहील उचलून तिची काजळी कोरड्या झाडूने झाडावी. काहील जड असते. पुरेशी माणसे असल्यावाचून उचलू नये.

राख पूर्ण थंड झाल्यावर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी. सोड्याचे पाणी मात्र उसाच्या सरीत किंवा विहिरीजवळ सोडू नये. सोडियममुळे काळ्या जमिनीची माती चोपण होते व पाणी मुरेनासे होते. शेतापासून दूर, पडीक जागेत खड्डा घेऊन ते जिरवावे.

कोल्हापूरच्या गुळाचे नाव मोठे आहे. ते नाव टिकविण्यास नवे यंत्र घ्यावे लागते असे नाही. पुष्कळदा काथ्या, पाणी व थोडी मेहनत पुरते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील एका गुऱ्हाळावर ही सफाई शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी आणि सफाईपूर्वीच्या व नंतरच्या गुळाचे दोन खडे शेजारी ठेवावेत. त्या दोन खड्यांवरून शेतकरी बंधूंस जे पटेल, ते पुष्कळ व्याख्यानांनी पटणार नाही.